नभचौकीवरची झोप

जानेवारी आला की लोकांना हुरूप येतो, मला थकवा येतो. वसमत रोडच्या कडेला माणसं ज्वारीच्या कोवळ्या कणसांचे भारे घेऊन बसतात, गोवऱ्यांचा धूर निघतो, दुचाक्या थांबतात, कागदाच्या पुडीत गरम हुरडा आणि वर शेंगदाण्याची चटणी. मी रिक्षात बसल्या जागी डोळे मिटून घेते. त्यानं काही होत नाही, वास यायचा तो येतोच. त्या वासाला लागून दवानं भिजलेल्या वावराचा वास येतो, मग गारठलेली पायाची बोटं आठवतात, आणि मग, काय सांगावं, एका हिंदी मालिकेचं सुरुवातीचं संगीत कानात वाजायला लागतं. बावन्न वर्षांची बाई मी. विद्यापीठात बियाण्यांची उगवण तपासते, म्हणजे दिवसभर ओल्या कागदात गुंडाळलेले दाणे उलगडून बघायचे, कोणाला मोड आला, कोण तसाच पडून आहे. आणि संध्याकाळी घरी जाताना अंतराळातलं संगीत गुणगुणायचं. एकदा रिक्षावाल्यानं आरशातून वळून वळून बघितलं होतं.

मालिकेचं नाव ‘नभचौकी’. आता कुणाच्या लक्षातही नाही. रविवारी सकाळी लागायची. पृथ्वीपासून फार लांब एक चौकी, तिच्यावर एक मोठा दिवा, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवायला. चौकीवर माणसं दोनच, सोमेश आणि निखिल. एकानं सहा महिने दिवा राखायचा, दुसऱ्यानं तेवढे दिवस काचेच्या शीतपेटीत झोपायचं. पेटीत असताना वय वाढत नाही. सहा महिने झाले की जाग्यानं झोपलेल्याला उठवायचं आणि स्वतः पेटीत जाऊन पडायचं. सगळा देखावा पुठ्ठ्याचा होता, ते आम्हाला तेव्हाही कळायचं. दार लावलं की भिंत हलायची. तो मोठा दिवा तर वरातीतल्या गॅसबत्तीचा सख्खा भाऊ. तरी आम्ही तोंडात बोट घालून बघायचो.

त्यातला सातवा भाग माझा. म्हणजे माझ्या मालकीचाच म्हणा ना. त्या भागात सोमेश निखिलला उठवतच नाही. सहा महिने होतात, वर्ष होतं, वर्षांवर वर्षं जातात, सोमेशचे केस पिकतात, हात थरथरायला लागतो. तो पेटीपाशी येतो, बटणावर बोट ठेवतो, झोपलेल्या पोराचं तोंड बघतो आणि बोट मागं घेतो. ‘सोने दो बेचारे को,’ म्हणतो आणि पुन्हा दिव्याकडं जातो. असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पुढं कॉलेजात, नोकरीत, कुठंही विषय निघाला की मी सोमेशबद्दल सांगायची. मैत्रिणी म्हणायच्या, नंदे, तुझा पहिला नवरा तो.

मागच्या पंधरवड्यात मुलानं पुण्याहून फोनवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘आई, तुझी नभचौकी. कुणीतरी जुन्या टेपवरून टाकलीय. आठच भाग आहेत.’ सातवा त्यात होता. मी लगेच बघायला हवं होतं ना? हातातलं काम टाकून बघायला हवं होतं. नाही बघितलं. कारण त्याच दुपारी पोखर्णीहून आक्काचा फोन येऊन गेला होता, आणि त्या फोननंतर काहीच बघावंसं वाटत नव्हतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच, भाऊ नाही. आक्काचं लग्न झालं आणि दोन वर्षांत ती माघारी आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. तेव्हापासून पोखर्णीलाच. बाप गेला. मग चार वर्षांपूर्वी मायच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. माय खाटेवर आली आणि आक्का खाटेपाशी. मायला उचलून उचलून आता आक्काला हर्निया झालाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आणि त्यानंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. तिथंच घोडं अडलंय. आक्काच्या घरात वजन म्हणजे माय. तीन महिने मायचं कोण करणार? बाई ठेव म्हणणं सोपं असतं, मीही म्हणून बघितलंय. दोन बायका आल्या आणि आठवड्याच्या आत गेल्या. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली, दोनदा आक्कानं ती सोडली, कारण दोन्ही वेळा मी म्हणाले, आक्का, जरा थांब. पहिल्या वेळी पोराची परीक्षा होती. दुसऱ्या वेळी तीही नव्हती. नमुने तपासायला आले होते, असं काहीतरी मी सांगितलं.

“नंदे,” या वेळी फोनवर ती म्हणाली, “डॉक्टर म्हनाले आता ताणू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतंल. फेब्रुवारीतली तारीख देऊ म्हनायलेत. काय सांगू त्यायला?”

“रविवारी येते मी. मग बोलू.”

“ये,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला असता तर बरं वाटलं असतं.

नभचौकी लागायची त्या हिवाळ्यात मी आठवीत होते. तेव्हा पोखर्णीच्या शिवारात नजर जाईल तिथवर ज्वारी. पहाटे धुकं असं बसायचं की कणसं वर तरंगायची आणि खालचं वावर दिसायचंच नाही. आमची विहीर तीन चुलत घरांत होती. पाण्याची पाळी ठरलेली. कोणाची पाळी कोणी मारली तर आठ आठ दिवस अबोला, आणि एकदा तर पार नरसिंहाच्या देवळात जाऊन शपथा झाल्या होत्या. दुसऱ्याची पाळी आपण होऊन केली तरी भांडण. उद्या तो म्हणेल, पाणी मीच देत होतो, विहीर माझीच. तर अशा घरात राखणीचीही पाळी असायची. दाण्यात दूध भरलं की पाखरं उतरतात. दिवस उगवायच्या आत कोणीतरी माळ्यावर पाहिजे. माळा म्हणजे वावराच्या मधोमध चार बल्ल्या रोवून वर फळ्या टाकलेल्या, डोक्यावर कडब्याची सावली. तिथं उभं राहून गोफण फिरवायची आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं.

आक्काची शाळा सातवीलाच सुटली होती, म्हणून आठवडाभर तिची पाळी आणि रविवार माझा. असा बापानं निवाडा केला होता. पण रविवारी मी उठायचेच नाही. आक्का दोनदा हाक मारायची, “नंदे, ऊठ गं. ए नंदे.” मी ढिम्म. मग ती गोफण घेऊन आपली आपण जायची. नंदीच्या कानाशी ढोल वाजवा, ती उठायची न्हाई, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. मायनं तर माझ्या लग्नात सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरगी कामाला चांगली हाय, झोपेची तेवढी लय हाय, सांभाळून घ्या.

उठल्यावर मी न्हाऊन, वेणी घालून ग्रामपंचायतीत. टीव्ही तिथं होता. लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला दोन फळ्यांचं दार, दाराला कुलूप आणि किल्ली तुळशीराम कोतवालांच्या करदोट्याला. ते यायचे, चप्पल बाहेर काढायचे, कुलूप उघडायचे, पडदा उपरण्यानं पुसायचे. मग बाप्ये सतरंजीवर, बाया दाराकडं, पोरं जागा मिळेल तिथं. सगळ्यांना हिंदी निम्मंच कळायचं. उरलेलं आपापल्या मनानं.

सातव्या भागाला खोलीत जो गलका झाला, तो मला अजून ऐकू येतो. सोमेशनं बटणावरचं बोट मागं घेतलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, “आरं उठव की त्येला! पाळी झाली ना त्येची!” दुसरा म्हणाला, “ह्यो खुळा हाय काय?” सोमेशच्या डोक्यावर पांढरे केस दिसले तसे तुळशीरामदादा उठले, टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोटानं टकटक केलं. “ओ साहेब, उठा ओ. तुमच्यापायी म्हातारं झालं बिचारं.” त्याग-बिग काही कुणाला दिसलाच नाही. आमच्या गावात पाळी म्हणजे पाळी. रडू फक्त मला आलं.

भाग संपला की घरून भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून मी वावरात पळायची. आक्का वर माळ्यावर, मी खाली सरीत उभी. नभचौकी अशी मान वर करून, ओरडून सांगावी लागायची.

“मग त्यानं बटणावर बोट ठेवलं...”

“हाऽऽ हुर्र्र! थांब गं, तिकडं बसलं सगळं लटांबर.” गोफण गरगरायची, ढेकूळ सुटायचं, पाखरांचा एक ढग उठून शेजारच्या वावरात जायचा. “हां, बोल.”

“बोट ठेवलं आन् मागं घेतलं.”

“का बरं?”

“कीव आली त्याला.”

“आन् स्वैपाक कोण करतंय तिथं?”

“स्वैपाक न्हाई. गोळ्या खातेत ते.”

“नुसत्या गोळ्या? सहा महिने?” आक्का गोफणीत नवं ढेकूळ ठेवायची. “भांडे तरी घासायचे न्हाईत. बरंय की.”

तिनं एकही भाग पाहिला नाही. सगळी नभचौकी तिनं माझ्या तोंडून ऐकली. सातव्याचा शेवट मी असा सांगितला होता: यान येतं, पेटी उघडतात, निखिल डोळे उघडतो, तर समोर म्हातारा सोमेश. निखिल तसाच्या तसा खाली वाकून त्याच्या पाया पडतो. संपलं. आक्का भाकरीचा घास हातात धरून थांबली होती. मग “बरं” म्हणाली आणि जेवायला लागली. मला वाटलं, ती माझ्यासारखीच सोमेशवर भाळली.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. रस्त्याला आता हरभरा, तूर, मधेच ज्वारीची एखादी पट्टी. माळे कुठंच नाहीत. चमकणाऱ्या पट्ट्या बांधतात, त्या वाऱ्यावर फडफडतात, पाखरं भितात म्हणे. पिशवीत संत्री होती, मायसाठी लंगोटांचं पाकीट, दोन चादरी. मी नेहमी पिशवी भरून नेते. आणि आक्काला काय सांगायचं तेही ठरवून नेलं होतं: मार्च होऊ दे, मार्चनंतर नक्की. हे सांगायच्या आधी तिला फोनवर नभचौकी दाखवायची, जरा हसवायचं, म्हणजे नकार गोड लागेल. असा हलकट विचार करून मी पोखर्णीच्या फाट्यावर उतरले. बावन्न वर्षांत माणूस शहाणा होतो, हे कुणी सांगितलं कोण जाणे.

घरात फिनेलचा वास. खिडकीपाशी खाट, खाटेवर माय, किती लहान झालीय. आक्का तिच्या टाचांना तेल चोळत होती. “आलीस?” म्हणाली आणि उठताना भिंतीला धरून थांबली. दुसरा हात पोटावर. मी पिशवी ठेवली, मायच्या तोंडावरून हात फिरवला. माय डाव्या डोळ्यानं बघते, ओळखते, बोलायला जाते आणि नुसता घोगरा आवाज येतो. मला तिथं पाच मिनिटांच्या वर बसवत नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

“आक्का, बस जरा इथं. तुला एक गंमत दाखवायची.”

“कूस बदलायची हाय दहाला.”

“अजून टाइम हाय की. बस तर.”

ती खाटेला टेकून खाली बसली. एक हात वर, मायच्या तळहाताखाली. हात तिथं का, म्हटलं, तर म्हणाली, “ती हालली की मला कळतंय.” फोन मी स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला. संगीत सुरू झालं आणि आक्का चक्क हसली.

“आगं, हेच व्हय ते? भिंत हालायली बघ!”

“बघ तर पुढं.”

“आन् केवढीशी खोली. तू तर म्हनली व्हतीस, आपल्या वावराएवढी हाय.”

“सांगायला बरं वाटायचं.”

“लय फेकायचीस गं तू.” ती हसत होती, मीही हसत होते. मला वाटलं, जमतंय. सोमेश आला. “हाच का तुझा?” आक्कानं विचारलं. मी हो म्हणेस्तोवर तिची मान खाटेच्या कडेवर कलंडली होती. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. तोंड उघडं, घोरणं नाही, नुसता श्वास. पाणी आटलेल्या हौदासारखा कोरडा चेहरा. हात मात्र तिथंच, मायच्या हाताखाली.

मी आवाज कमी केला आणि एकटीच बघत बसले. सोमेश आता मला तेवढा थोर वाटेना. तेव्हा किती उंच वाटायचा, आता बघते तर माझ्याहून तरुण नट, केसांना पीठ लावलेलं. तरी बटणाचा प्रसंग आला तशी मी फोनवर वाकलेच. मग यान आलं. नवीन अधिकारी आत आला. मला वाटलं, आता पेटी उघडतील, पाया पडेल, संपलं. तर अधिकारी म्हणाला, पेटीची नोंद दाखवा. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. आणि पडद्यावर मागची गोष्ट दिसायला लागली.

पहिले सहा महिने झाले त्याच दिवशी शीतपेटी आपोआप उघडली होती. जाग्यानं बटण दाबलं नाही तरी मुदत भरली की झाकण आपणहून उघडावं, अशी तिची रचना होती. निखिलनं डोळे उघडले होते. उघड्या झाकणातून त्याला दिसलं, सोमेश पाठमोरा, दिव्यापाशी, काम करतोय. निखिल बघत राहिला. बराच वेळ. मग त्यानं आतूनच, स्वतःच्या हातानं, हळूच झाकण ओढून घेतलं. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा येतो आणि गळ्याची घाटी एकदा खालीवर होते.

मी फोन उलटा ठेवला.

कारण हे मी पाहिलेलं होतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळ्यांनी पाहिलं होतं. “आरं, जागा हाय की ह्यो! लबाड बेणं!” असं म्हणून सगळी खोली हसली होती, तुळशीरामदादांनी शेजारच्याला टाळी दिली होती. आणि माझे कान तापले होते. वावराच्या वाटेवर, हातात भाकरी घेऊन पळताना, मी शेवटचा तेवढा तुकडा गाळून टाकला होता. विसरले नव्हते, गाळला होता. मग इतकी वर्षं आक्काला सांगितलेलीच गोष्ट मला खरी वाटत राहिली.

रविवारी मी झोपलेली नसायचे. आक्काच्या पहिल्या हाकेच्याही आधी जागी असायचे. गोधडीत तोंड भिंतीकडं करून, श्वास लांब लांब घेत. झोपल्याचं सोंग घेणं सोपं नसतं महाराजा. पापणी हलू द्यायची नाही, बोटं सैल सोडायची. तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज, दाराची कडी, चपला, मग अंगणातून पावलं लांब जायची. शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि मग डोळे उघडायचे. पुन्हा त्याच पोरीनं ग्रामपंचायतीत बसून सोमेशसाठी रडायचं. आणि मोठेपणी सगळ्यांना सांगत फिरायचं.

आमच्या प्रयोगशाळेत काही दाणे असे येतात की आठ दिवस ओल्या कागदात ठेवले तरी मोड येत नाही. मेलेले नसतात. दाबून बघितलं की टणक लागतात. त्यांना सुप्त म्हणतात, वेगळ्या रकान्यात लिहायचं असतं. मी रोज लिहिते. मार्च होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, नमुने होऊ देत. आक्काच्या तीन फोनांना मी तेच केलं, डोळे मिटून पडून राहिले. खाटेपाशी बसून मला स्वतःचा इतका कंटाळा आला की उठून बाहेर जावंसं वाटलं. गेले नाही, एवढंच.

मायचा हात हलला.

“आले माय, आले, आले!” आक्का डोळे उघडायच्या आत उभी राहिली होती. मग पोटात कळ आली असावी, ती तशीच वाकली. मी धरलं. “डोळा लागला की गं,” ती माफी मागितल्यासारखी म्हणाली, मला नाही, मायला. घड्याळात दहा वाजून गेले होते. दोघींनी मिळून मायची कूस बदलली. मी खाकेत हात घातला, तर आक्का ओरडली, “तिकून न्हाई! खांद्याखालून धर. तिचा खांदा निखळतंय.” चार वर्षांत मी एकदाही ते केलं नव्हतं. मायच्या पाठीवर कमरेखाली पैशाएवढा लाल डाग होता. त्यावर पावडर कशी लावायची, घासायची नाही, नुसती टेकवायची, हे आक्कानं दाखवलं.

मग ती पंच्याची घडी घालायला बसली. “शेवट काय झाला त्येचा? तवा सांगितलास तसाच?”

“न्हाई,” मी म्हटलं. “तवा एक गोष्ट मी सांगितली न्हवती.” आणि झाकणाची, मिटलेल्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. या वेळी खालून वर ओरडावं लागलं नाही.

“म्हंजे जागाच व्हता तो.”

“व्हय.”

आक्कानं पंचा मांडीवर दाबून सारखा केला. “तुझं बी मालूम व्हतं मला.”

“काय?”

“झोपलेलं माणूस आवंढा गिळत न्हाई नंदे. तू दर रविवारी गिळायचीस. मी राकेलची चिमणी धरून बघायचे वाकून.”

“मग उठवलं का न्हाईस?”

खरं सांगते, मला वाटलं आता ती सोमेशसारखं काहीतरी बोलेल. धाकटी बहीण, झोपू दिलं, असं काहीतरी. मी रडायच्या तयारीतच होते.

“मला जायचंच असायचं,” आक्का म्हणाली. “माळ्यावर कोनी काम सांगत न्हाई. गाणे म्हनावं, हुरडा खावं, पाय सोडून बसावं. घरी ऱ्हायलं की शेण, धुणं, चूल. तू उठली असतीस तर माझा रविवार बुडाला असता. मी मुद्दाम हळू हाक मारायचे.”

मला हसू फुटलं. इतकी वर्षं नकळत उराशी धरलेला गुन्हा तिनं असा उडवून लावला. मी हसत होते आणि ती हसत नव्हती.

“पण हे तसं न्हाई,” ती म्हणाली. खाटेकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. “हे मला आवडत न्हाई नंदे. माय माझी हाय, माया हाय तिच्यावर. पण मी बेजार झालेय. चार वरसं मी एक अखंड झोप घेतली न्हाई. कधी कधी वाटतंय, हिला देवानं...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. उठून मायच्या ओठांची लाळ पुसली. “आन् तू पुन्यांदा डोळे मिटून पडलीस. तवा मला चाललं. आता न्हाई चालायलं.”

घरात कुठंतरी नळ गळत होता. माय आमच्याकडं डाव्या डोळ्यानं बघत होती. तिला किती कळलं कोण जाणे, सगळंच कळलं असेल. मला लाज वाटली, आणि त्या लाजेबरोबर एक शीण अंगभर पसरला, जो दिवसभर उभं राहून कधी आला नव्हता.

“फेब्रुवारीतली तारीख घे,” मी म्हटलं. “मी येऊन राहते. तीन महिने.”

“आन् नोकरी?”

“चार वर्षांची रजा पडून हाय.”

“नवरा?”

“बातम्या बघंल.”

आक्काला आनंद-बिनंद झाला नाही. “बघू. तारखेला आलीस म्हंजे खरं,” म्हणाली आणि तेलाची वाटी उचलायला गेली. तिचं काय चुकलं? मी तिथंच, तिच्यासमोर, साहेबांना फोन लावला. रविवार असल्यानं साहेब वैतागले. अर्ज द्यावा लागेल म्हणाले. मी फोनवरच अर्ज लिहिला, पाठवला, आणि तो गेलेला आक्काला दाखवला. तिनं चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावून तारीख पक्की केली. तारीख सांगताना तिचा आवाज जरा उंच झाला होता, बाकी काही नाही.

“आता तू आत जाऊन पड,” मी म्हटलं. “मी बसते हिच्यापाशी. आजची एसटी गेली तर गेली.”

ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. “बाराला कूस.”

“व्हय.”

“खिचडी पातळ कर. पाणी चमच्यानंच, न्हाई तर ठसका लागतंय.”

“आक्का, जा.”

ती गेली. आतली खाट करकरली. बांगड्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. मी मायचा हात हातात घेऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. मला वाटलं, लागली झोप.

“नंदे.” आतून आवाज आला, अगदी हळू.

“काय गं?”

“किती वाजेपर्यंत झोपू?”

“तुझी तू उठशील तवा ऊठ.”

आतली खाट पुन्हा करकरली.

“तसं न्हाई गं,” आक्का म्हणाली. “टाइम सांग. टाइम सांगितल्याबिगर मला झोपता येत न्हाई.”